दोन वाजून अकरा मिनिटांचा भडका

त्या बुधवारी दुपारी आईच्या संस्थेच्या ग्रुपवर एकवीस जणांनी ‘मिळालं’ असं लिहिलं. त्यातलं एक ड्युटीच्या फोनवरून गेलं होतं, म्हणजे आईच्या नावाने. ते मी लिहिलेलं.

आई आकाशातले भडके बघायचं काम करते. एक्स-रेचे भडके. ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत, हवा मध्येच खाऊन टाकते, म्हणून दुर्बीण वर पाठवावी लागते. आईच्या गटाचा उपग्रह छोटा आहे, कपडे धुवायच्या मशीनपेक्षा जरासा मोठा. त्याचे आरसे शेवंडीच्या, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या झिंग्याच्या, डोळ्यासारखे केलेत, बारीक बारीक चौकोनी नळ्यांचे, म्हणून सगळे त्याला शेवंडच म्हणतात. खरं नाव लांबलचक आहे, ते पाहुणे आले की घेतात. शेवंड एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा बघत बसते आणि कुठे काही अचानक पेटलं की खाली निरोप पाठवते. पेटलेलं कधी तासभर टिकतं, कधी चार मिनिटं. चार मिनिटांत विझलं की संपलं, तेच परत पेटत नाही.

निरोपाबरोबर पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र येतं. ड्युटीवरच्या माणसाने ते उघडून बघायचं. आकाशातली खरी वस्तू असेल तर चित्रात फुली दिसते, अधिकच्या चिन्हासारखी, मधे ठळक ठिपका. नळ्या चौकोनी असल्यामुळे तसं होतं. एखादा भलताच कण येऊन आपटला असेल तर नुसता डाग नाहीतर ओरखडा. फुली असली तरी लगेच नाचायचं नाही. त्या जागी आधीपासून लाल बटू तारा आहे का ते बघायचं. लाल बटू म्हणजे बारके लाल तारे, ते उठसूट भडकतात. आई म्हणायची, ‘तुझ्यासारखे.’ त्यांना कोणी विचारत नाही. लाल बटू नसेल तर ‘हो’ दाबायचं. मग शेवंड तिचा दुसरा, बारीक नजरेचा डोळा तिकडे वळवते आणि जगभरच्या दुर्बिणवाल्यांना निरोप जातो. या सगळ्याला वीस मिनिटं मिळतात.

हे मला पाठ आहे कारण मी वर्षभर घरी आहे आणि आईच्या शेजारी बसून हजारभर तिकिटं बघितलीत. आईच्या गटात छोटा फान म्हणून एक आहे, डॉक्टरेट झालेला. एकदा तो घरी जेवायला आला होता तेव्हा आईने आमची शर्यत लावली. पन्नास चित्रं. मी त्याच्या आधी संपवली आणि माझं एक चुकलं, त्याची तीन. तो म्हणाला, “हिला आमच्या जागी बसवा आणि मला झोपू द्या.”

शाळा मी मागच्या वर्षी सोडली. एका सरांनी माझी खाजगी वही वर्गासमोर वाचून दाखवली. मी पाण्याची बाटली फेकली. त्यांना लागली नाही, खिडकीला लागली. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. पहिले काही महिने डोकं सारखं तापलेलं असायचं, दार आपट, चमचा फेक. नंतर तेही थांबलं. सकाळी उठायचं, अंगात काहीच नसायचं. भूक लागायची नाही आणि वाढलं की खाल्लं जायचं. कोणी विचारलं काय होतंय तर सांगायला काही नव्हतं.

कागदावर मी एक वर्षाच्या सुट्टीवर होते. नोव्हेंबरमध्ये ती संपली. आता शाळेला माझं नाव काढायचं होतं आणि कारणाच्या रकान्यात वर्गशिक्षिका गेंग बाईंना ‘शिस्तभंग’ लिहायचं होतं. आईला तिथे ‘आजारपण’ हवं होतं. त्यासाठी ती दोनदा शाळेत जाऊन आली. दुसऱ्यांदा गेंग बाईंसमोर बसलेली असताना ड्युटीचा फोन भोंगा वाजवत सुटला. खोटाच इशारा होता. गेंग बाई म्हणाल्या, “लू मॅडम, तुमचं सगळं लक्ष वर. म्हणून खाली हे असं झालंय.”

आईने हे मला घरी येऊन सांगितलं, हसत हसत. पण बुधवारी तिसऱ्यांदा जाताना तिने ड्युटीचा फोन जेवायच्या टेबलावर ठेवला.

ड्युटीचा फोन एकच आहे. जो ड्युटीवर असेल त्याच्याकडे असतो, हातातून हातात जातो, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. फोन असला की ड्युटी कुठेही करता येते, घरी बसून सुद्धा. आईची सकाळी आठ ते चार होती.

“पाऊण तास,” आई बूट घालताना म्हणाली. “वाजला तर मला माझ्या फोनवर कर. मी तिथूनच बघेन. तू कशाला हात लावू नकोस.”

“आणि हाओ सरांनी काही टाकलं तर?”

“काही टाकत नाहीत. पाऊण तास गं.”

“आठवड्यात कुठल्या पाऊण तासात त्यांनी काही टाकलं नाही ते सांग.”

“थान यू, मला उशीर होतोय.”

हाओ सर म्हणजे गटाचे प्रमुख. त्यांनी ग्रुपवर काहीही टाकलं की सगळ्यांनी ‘मिळालं’ लिहायचं, ही पद्धत. वाचलं की नाही ते कोणी विचारत नाही. पाच मिनिटांत लिहिलं नाही तर ते नावं टाकतात, अमुक, तमुक, तुम्हाला मिळालं का? एकदा आईने डोक्याला साबण असताना ओल्या बोटांनी ‘मिळालं’ लिहिलेलं मी बघितलंय. सूचना होती कचऱ्याच्या डब्यांची. आधी शेवंडीचे इशारे वेगळ्या ग्रुपवर यायचे. मग वरच्या साहेबांना ग्रुप जिवंत दिसला पाहिजे म्हणून हाओ सरांनी दोन्ही एक केले.

आई गेली. घर गार होतं, आमच्याकडे इमारतीची गरम पाण्याची लाइन पंधरा तारखेशिवाय सुरू करत नाहीत. मी कोट घालूनच पांघरुणात पडले होते आणि माझ्या फोनवर एक माणूस मळलेले गालिचे धुतो ते बघत होते. ते मी तासन्‌तास बघते. काळं पाणी जातं, मग करडं, मग स्वच्छ. ड्युटीचा फोन मी उशाशी आणून ठेवला होता.

तो थरथरला. मग परत. मग थांबेचना. मी उचलून बघितला तर ‘मिळालं’, ‘मिळालं’, ‘मिळालं’, एकाखाली एक पडत होती. वर हाओ सरांची सूचना दिसली, शुक्रवारी मंत्रालयातून पाहुणे येणार, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, सर्वांनी कळवावे. म्हटलं, झालं. आता पाच मिनिटांनी लू पेईवन, तुम्हाला मिळालं का, सगळ्यांसमोर. ती तिकडे गेंग बाईंसमोर बसलेली. मी ‘मिळालं’ लिहिलं आणि फोन पालथा टाकला.

मी वर सरकवून बघितलं नाही.

आई तीन वाजता आली. नाक लाल, हातात शाळेचा कागद.

“आजारपण लिहिलं,” ती म्हणाली. “शिक्का पण मारून घेतला. वाजला होता?”

“नाही.”

खरंच वाजला नव्हता.

गुरुवारी दुपारी आम्ही जेवत होतो. आई जेवताना मेल वाचते, मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी मी बोलले नाही. ती वाचता वाचता थांबली. जपानमधल्या एका गटाचा निरोप होता. त्यांच्या दुर्बिणीला बुधवारी एका जागी मंदावत जाणारा भडका दिसला होता, फक्त शेपूट. तिथे लाल बटू नाही, आधीचं काहीच नाही. त्याच्या आधीच्या तासाभरात कोणी ती जागा बघितली आहे का, असं विचारलं होतं.

आईने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. ड्युटीचा फोन दुसऱ्याकडे गेला होता, पण ग्रुप तिच्याही फोनवर होता. ती वर सरकवत गेली. मग फोन माझ्यासमोर धरला.

दोन वाजून अकरा मिनिटं, शेवंडीचा इशारा. तिसऱ्या दर्जाचा, म्हणजे सगळ्यात वरचा. चाळीस सेकंदांनी हाओ सरांची पांढऱ्या शर्टाची सूचना. मग रांग. ड्युटीच्या फोनचं उत्तर दोन वाजून तेरा मिनिटांनी.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

मला माहीत होतं पुढचं. इशारा आला की मशीन तीन मिनिटं थांबतं. ड्युटीच्या फोनवरून उत्तर गेलं नाही तर भोंगा वाजवतं, मग राखीव माणसाला फोन लावतं. उत्तर काय आहे ते मशीनला कळत नाही. ‘मिळालं’ गेलं, मशीन गप्प बसलं. मी अजून एक मिनिट गालिचा बघत बसले असते तर भोंगा झाला असता.

“किती वेळ होता तो?” मी विचारलं.

“अकरा मिनिटं.” आईने शेवंडीने मागाहून पाठवलेले आकडे वाचले आणि वाटीत बघितलं. “अकरा मिनिटं तो चढत होता. आपल्याकडे सुरुवातीपासून आहे. आपण वळलोच नाही.”

“काय असेल?”

“आता काय सांगणार.”

मला वाटलं ओरडेल. मी वाट बघत होते. ती उठली आणि ओट्यापाशी जाऊन लसूण सोलायला लागली. जेवण अर्धं टेबलावर, लसूण कशालाच लागणार नव्हता. एक गड्डा सोलून झाल्यावर तिने दुसरा घेतला.

हाओ सरांचा फोन पाच वाजता आला. आईचे हात ओले होते म्हणून तिने स्पीकर लावला.

“लू मॅडम, ते जपानवाल्यांचं बघितलंत?”

“बघितलं.”

“आपल्या फोनवरून उत्तर गेलंय. तुम्ही चित्र बघितलं होतं ना?”

आईने नळ बंद केला. “बघितलं होतं. मला लाल बटू वाटला.”

हाओ सर म्हणाले, “असं. होतं, होतं. माणूस आहे. मग सोमवारी आपण बसून एक छोटा अहवाल करू. शुक्रवारी पाहुणे आहेत, त्यांच्यासमोर हे नको. पांढरा शर्ट विसरू नका.”

फोन ठेवल्यावर मी आईसमोर जाऊन उभी राहिले.

“तू बघितलंच नाहीस.”

“हळू बोल, भिंती पातळ आहेत.”

“तुला लाल बटू वाटला? तुला? त्या जागी एक लाल बटू नाहीये, शेंबडं पोर सांगेल! सगळे म्हणतील लू पेईवनला लाल बटू ओळखता येत नाही.”

“म्हणू देत.”

“खरं सांग ना त्यांना. मी केलं म्हणून सांग.”

“खरं काय सांगू? ड्युटीचा फोन घरी टाकून शाळेत गेले होते? बाहेरच्या माणसाच्या हातात दिला?” ती हात पुसत होती, खूप वेळ पुसत होती. “चुकीचं ओळखलं तर ड्युटीच्या यादीतून नाव जातं. फोन दिला तर नोकरी जाते. तुझे बाबा शेनयांगहून पैसे पाठवणार आहेत का?”

बाबांचं तिकडे दुसरं घर आहे. ते नवीन वर्षाला फळांची पेटी पाठवतात.

“अठरा वर्षं तू हेच केलंयस,” मी म्हटलं.

“हो.”

“मग?”

“मग काय मग. हा लसूण बरणीत भर, वास सुटलाय.”

मी भरला. राग आला पाहिजे होता, जुना, बाटली फेकणारा. मी त्याची वाट बघितली. बरणीचं झाकण लावलं, पाकळ्या मोजल्यासारख्या बघितल्या, आणि आत काहीच हललं नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात बसली, की सोमवारी ती एका कागदावर सही करणार आणि त्या कागदावर असेल की तिने तो भडका बघितला आणि तिला कळला नाही. तिला तर तो दिसलाच नव्हता.

शुक्रवारी आई पांढरा शर्ट घालून गेली, आली. पाहुण्यांना शेवंडीचं मॉडेल आवडलं म्हणाली.

सोमवारी ती निघाल्यावर पंधरा मिनिटांनी मी निघाले. बस अकरा स्टॉप जाते. गेटवरचा म्हातारा मला ओळखतो, लहानपणापासून कॅन्टीनमध्ये जेवायला येते म्हणून. “आज काय, आईची बॅग?” म्हणाला. मी हो म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सातजण होते. हाओ सर टेबलाच्या टोकाला, त्यांची काचेची चहाची बाटली समोर. आई खिडकीशी. छोटा फान दाराजवळ. कोपऱ्यात मियाओ बाई, कचेरीच्या, त्या सगळं लिहून घेतात. मी दार उघडलं तेव्हा हाओ सर वाचून दाखवत होते, “...ड्युटीवरील वैज्ञानिकाने चित्र तपासले व सदर भडका सामान्य लाल बटू ताऱ्याचा असल्याचे...”

“तिने तपासलं नाही,” मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. आई अर्धी उठली.

“अरे, थान यू!” हाओ सर म्हणाले. “केवढी उंच झालीस. ये, बस. काही खाल्लंस का?”

“ती त्या वेळी शाळेत होती. माझ्या कागदासाठी. फोन घरी होता. ‘मिळालं’ मी लिहिलं. मला वाटलं ते तुमच्या शर्टाचं आहे.”

“आमच्या शर्टाचं,” हाओ सर म्हणाले, आणि एक-दोघं हसले. हसू पटकन संपलं.

“तुम्ही नावं टाकता ना पाच मिनिटांनी. म्हणून लिहिलं. वर इशारा होता ते मी बघितलं नाही. पण तुम्ही तरी कुठे बघितलं? वीसजणांनी लिहिलं ‘मिळालं’. इशारा सगळ्यांच्या फोनवर होता, तुमच्या सूचनेच्या बरोबर वर. कोणी उघडला? एकाने तरी?” माझा आवाज चढला होता, पण मला तो दुसऱ्या खोलीतून येतोय असं वाटत होतं. “तुम्ही उघडलात, सर?”

कोणीतरी चहाच्या बाटलीचं झाकण फिरवलं. छोटा फान स्वतःच्या कपात बघत होता, त्यात काही नव्हतं. मियाओ बाईंचं पेन चालू होतं.

हाओ सरांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी आजारी माणसाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

“बाळा, तू घरी असतेस ना सध्या? बरं नसतं ना तुला?” मग आईकडे वळले. “लू मॅडम, मुलगी म्हणतेय ते खरं आहे का? तसं असेल तर हा कागद चालणार नाही. मग वेगळा लिहावा लागेल, सुरक्षेवाल्यांना बोलवावं लागेल. तुम्ही सांगाल तसं.”

सगळे आईकडे बघत होते. मी पण. तिचे केस कानामागे नीट खोचलेले होते, शुक्रवारचाच पांढरा शर्ट होता. तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही.

“नाही,” आई म्हणाली. “खोटं बोलतेय. मला वाचवायला आलीय.”

खोलीतले सगळे जरा सैल झाले. खुर्च्यांचा आवाज आला. एक बाई म्हणाल्या, “बिचारी. मुली आईच्याच असतात.” हाओ सर म्हणाले, “चांगली मुलगी आहे, तिला रागावू नका बरं का,” आणि मियाओ बाईंना म्हणाले, “ते मधलं काढून टाका.” मियाओ बाईंनी पान फाडलं, चार तुकडे केले आणि स्वतःच्या खिशात घातले.

आईने सही केली. मी दाराशी उभी होते तिथून मला सही दिसली. तिची सही नेहमी वर चढत जाते, आज पण गेली.

साडेअकरा झाले होते. आई म्हणाली, “आलीच आहेस तर जेवून जाऊ.” कॅन्टीनमध्ये टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स होत्या. आम्ही भिंतीशी बसलो. येणारेजाणारे आईला मान डोलावत होते, रोजच्यापेक्षा जास्त. एकजण येऊन माझ्या ताटात चहात उकडलेलं अंडं ठेवून गेला, नाव पण माहीत नाही मला त्याचं.

“सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलंस मला,” मी म्हटलं.

“हो.”

“का?”

आईने नूडल्स काडीला गुंडाळल्या, परत सोडल्या. “मियाओ लिहून घेत होती ते बघितलंस? काय लिहिलं होतं?”

“मी बोलले ते.”

“वर तुझं नाव लिहिलं होतं. थान यू, वय सतरा, ड्युटीचा फोन हाताळला. तो कागद सुरक्षेवाल्यांकडे गेला असता, तिथून तुझ्या शाळेपासूनच्या सरकारी फाईलला लागला असता. उद्या तू कुठेही जा, दुकानात गल्ल्यावर बसायला जा, ती फाईल मागवतात. बुधवारी मी एक शब्द काढून घेतला तुझ्या फाईलमधून. पाऊण तास लागला. गेंग बाईंसमोर किती वेळा वाकले ते तुला सांगितलं नाही मी. आता हा कोणाकडून काढून घेऊ?”

“मला फाईलच नको.”

“तुला नको असली तरी ती असते.”

“आणि तुझ्या फाईलमध्ये? लाल बटू ओळखता येत नाही म्हणून?”

“माझ्या फाईलमध्ये बरंच काही आहे. त्यात एक लाल बटू.” ती एक घास खाल्ल्यावर म्हणाली, “जानेवारीपासून मी जुनी चित्रं लावायच्या कामावर. दिवसाची वेळ ठरलेली. बरंच आहे.”

“बघितलंस का तू ते? चित्र?”

“रात्री बघितलं. गुरुवारी.”

“कसं होतं?”

“कोणीही ओळखलं असतं,” आई म्हणाली.

मी अंडं सोलायला घेतलं. टरफल अंड्याला चिकटलं होतं, त्याबरोबर पांढरं निघून येत होतं. तेवढ्यात छोटा फान ताट घेऊन आला. “बसू?” म्हणाला, आणि कोणी हो म्हणायच्या आत बसला. सूप घेतलं होतं फक्त. थोडा वेळ चमचा फिरवत राहिला.

“लू मॅडम, मी हिला एक विचारू?”

“विचार.”

“थान यू.” तो हळू बोलत होता, शेजारच्या टेबलाला पाठ करून. “कॉम्प्युटरमध्ये नोंद असते, कोण कधी चित्र उघडतं त्याची. मी बघितली. बुधवारी ते कोणीच उघडलेलं नाही. पहिल्यांदा गुरुवारी रात्री उघडलंय.” आईकडे त्याने बघितलं नाही. “राखीव मी होतो त्या दिवशी. भोंगा झाला असता तर फोन मला आला असता. मी इथेच होतो, याच इमारतीत, नखं कापत होतो. मी पण ‘मिळालं’ लिहिलंय.”

“मग?” मी म्हटलं.

“मग काही नाही. तू वर म्हणालीस ते खरं असेल तर मला सांग. मी जातो हाओ सरांकडे. नोंद छापून नेतो. एकवीस जणांचं आहे ते, एकट्या मॅडमचं नाही. मला चार दिवस झोप नाहीये.”

त्याचे डोळे खरंच सुजलेले होते. तो हाओ सरांकडे गेला असता, मला दिसत होतं ते. सुरक्षेवाले आले असते आणि मियाओ बाईंनी नवं पान घेतलं असतं. आईच्या काड्या वाटीच्या काठावर थांबल्या होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या अंड्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हटलं. “खोटं बोलत होते.”

“नक्की?”

“नक्की. आईने बघितलं होतं चित्र. तुमची नोंद चुकली असेल.”

“नोंद चुकत नाही.”

“मग मला माहीत नाही. मी खोटं बोलत होते. मी शाळेत पण बोलायचे.”

फानने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पन्नास चित्रांच्या शर्यतीत तीन चुकवणारा माणूस. मग त्याने मान हलवली, “बरं,” म्हणाला, आणि सूप प्यायला लागला.

आईने काड्या उचलल्या. मला वाटलं होतं आता तरी रडू येईल. आलं नाही. नूडल्स गार झाल्या होत्या, गोळा झाला होता त्यांचा. मी त्या संपवल्या.